पाठमोऱ्याच्या एक्केचाळीस पायऱ्या

१२ मार्च

धाकट्या,

माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच फेकून देशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर वाच. एकोणीस वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. त्याआधी मागायचं काही शिल्लक ठेवलं होतंस का, असं म्हणशील. म्हण.

बातमी अशी की मला जीवनगौरव मिळतोय. हसू नकोस. पस्तीस वर्षं काढली या धंद्यात. एकशे बारा सिनेमे. त्यात सदुसष्ट वेळा खलनायकाचा हस्तक, एकवीस वेळा भिकारी, आणि बाकी सगळं सटरफटर. चोर, चहाडखोर मामा, विष कालवणारा कारकून. तो पहारेकरी सोडला तर एकदाही मी सरळ मनाचा माणूस नव्हतो. पाय वाकडा म्हणजे मनही वाकडंच, हे लेखक मंडळींनी कधीच ठरवून टाकलेलं. एक दिग्दर्शक तर मला म्हणाला होता, "तू नुसता चालत आत ये. डायलॉग कशाला? हा हरामखोर आहे हे लोकांना तेवढ्यात कळतं." आणि मी हसलो होतो रे. पोट होतं ना मागे.

समारंभ ११ एप्रिलला आहे, संध्याकाळी सहाला. भाषणाआधी माझा एक प्रसंग पडद्यावर दाखवणार आहेत. कुठला, ते तुला सांगायला नको. गिरणीला आग लागलीय, वरच्या मजल्यावर कामगार कोंडलेत, आणि लंगडा पहारेकरी किल्ल्या घेऊन जिना चढतो. एक्केचाळीस पायऱ्या. मानपत्राचा मसुदा माझ्याकडे आलाय. "पोलिओनं अधू झालेल्या पायानं, कॅलिपर घालून, डबल न घेता, अकरा टेक." मी मुलाखतींतून सांगत आलो तेच त्यांनी लिहिलंय. त्यांची काय चूक?

आता कामाचं. एक बाई माझ्यावर माहितीपट करतेय. तरुण आहे, चुणचुणीत आहे, आणि नको तितकी चौकस आहे. जुन्या मेकअपमनला जाऊन भेटली. त्या म्हाताऱ्याची जीभ सैल. त्यानं तिला एक फोटो दाखवला आणि म्हणाला, हा पाठमोऱ्या. युनिट तुला त्याच नावानं हाक मारायचं ना, पडद्यावर तुझी पाठच तेवढी दिसायची म्हणून. माझ्या कपड्यांतली. सुदैवानं तू माझा कोण लागतोस हे म्हातारा विसरलाय. पण बाई आता विचारत फिरतेय, पाठमोऱ्या असतो कुठे?

ती तुझ्या दुकानापर्यंत पोचली तर काही बोलू नकोस. एवढंच मागणं आहे. माझं वय झालंय. आता या वयात फजिती नको.

दादा


२३ मार्च

धाकट्या,

अकरा दिवस झाले, उत्तर नाही. मूग गिळून बसायची तुझी खोड जुनीच. लहानपणी मार खातानाही तू तोंड उघडायचा नाहीस आणि मारणाऱ्यालाच अपराधी वाटायला लावायचास.

तुझी वहिनी म्हणते, "असलं पत्र मला आलं असतं तर मी त्याची होडी करून नळाखाली सोडली असती." तिला तुझा पुळका पहिल्यापासून. म्हणते, "भाऊजींना बोलवायचं सोडून गप्प बसायला काय सांगता?"

तुझ्यावर अन्याय झाला असं तू मनात धरून बसलायस, ठाऊक आहे मला. पण आठव जरा. तुला या धंद्यात आणलं कुणी? आपण लहान असताना तू गल्लीतल्या पोरांना माझी चाल करून दाखवायचास. मी वरच्या खिडकीतून बघायचो. एकदा आई बाहेर आली आणि तुझ्या कानफटात ठेवून दिली. पण नक्कल इतकी हुबेहूब होती की मारता मारता तिलाच हसू फुटलं. ते मी पाहिलं. तू पाहिलंस का, असं तिनं मला कधी विचारलं नाही आणि मीही कधी बोललो नाही.

पुढे मोठेपणी एका सिनेमात मला पोलीस मागे लागल्यावर पळायचं होतं. चार पावलं पळालो आणि तोंडावर आपटलो. दिग्दर्शक म्हणाला, "हा चोर पोलिसांना बसल्या जागी पकडता येईल." सगळं युनिट खो खो हसलं. तेव्हा मीच म्हटलं, माझा धाकटा भाऊ आहे, त्याला बोलावतो. मीच म्हटलं ना?

बूटवाल्यानं तुझ्या उजव्या बुटाला आतून दोन बोटं जाड तळ लावला, म्हणजे डावा पाय आपोआप लांडा पडायला लागला. माझं उलटं. माझ्या डाव्या बुटाला जाड तळ, मी जमेल तेवढा सरळ दिसावा म्हणून. "कमरेतून टाक, गुडघ्यातून नको," हे तुला मी शिकवलं. आठ दिवसांत तू माझ्यापेक्षा चांगला लंगडायला लागलास. दिवसभर ते बूट घालून तुझी कंबर धरायची. संध्याकाळी भिंतीला पाठ टेकून उभा राहायचास, पण तक्रार नाही. कुणी विचारलं तर म्हणायचास, "आईनं सांगितलंय, दादाला सोडायचं नाही." मी कधी म्हटलं होतं का, सोडू नकोस म्हणून?

आणि पहारेकऱ्याचं म्हणशील, तर ती भूमिका दिग्दर्शकानं मला दिली. तुला आधी विचारलं होतं, मान्य. पण विचारणं वेगळं आणि देणं वेगळं. शेवटी त्याला खरा अधू माणूस हवा होता, नकली नको होता. तुझ्या पोटात दुखलं, तू निघून गेलास. यात माझं काय चुकलं ते सांग.

निदान "नाही बोलणार" एवढं तरी कळव. मला झोप लागत नाही.

दादा


२ एप्रिल

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. सहाच ओळी. मी चारदा वाचलं, मग वहिनीनं हातातून घेतलं, मग पुन्हा मी वाचलं. तुझे शब्द तुलाच लिहून पाठवतो, म्हणजे मला ते कसे लागले हे तुला कळेल.

"दादा, पत्रं मिळाली. काळजी करू नकोस, मी कुणाला काही सांगणार नाही. बाई आल्या तर मी काचा विकतो एवढंच सांगेन. पण तो जिना दाखवणार असतील तर मी येईन म्हणतो. मी तो सिनेमा अजून पाहिलेला नाही. मागे कुठेतरी बसेन."

पाहिलेला नाहीस? अरे, महिन्यातून एकदा टीव्हीवर लागतो तो! दुकानात टीव्ही नाही? शेजाऱ्यांकडे नाही? मी वहिनीला म्हटलं, थापा मारतोय. ती म्हणाली, "लागला की बंद करत असतील. मीही करते." हे मला तिनं इतक्या वर्षांत आज सांगितलं.

तुला चार शिव्या लिहिता आल्या नसत्या का रे? शिव्या आल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

दादा


६ एप्रिल

धाकट्या,

पहारेकऱ्याबद्दल मार्चच्या पत्रात जे लिहिलंय ते खोटं आहे. सगळं नाही, पण मुद्द्याचं तेवढं खोटं. वहिनी समोर बसलीय. म्हणते, "मला वाचून दाखवल्याशिवाय पाकीट चिकटवायचं नाही."

पहारेकऱ्याच्या आधीच्या सिनेमात एक दिवस मला मेकअपला उशीर झाला म्हणून लाईट लावायला तुला माझ्या जागी उभं केलं होतं. कॅमेरामनला ओठ हलताना दिसावेत म्हणून तू माझं वाक्य म्हटलंस. सहज, बसचं तिकीट मागावं तसं. मी दारात उभा होतो, तू मला पाहिलं नाहीस. ते वाक्य मी चाळीस वेळा घोकलं होतं आणि माझ्या तोंडी ते हस्तकाचंच वाटायचं. तुझ्या तोंडी ते एका माणसाचं वाटलं. दिग्दर्शक म्हणाला, "अरेच्चा, या पाठीला चेहरापण आहे की!"

दोन महिन्यांनी त्यानं तुला पहारेकऱ्याची भूमिका देऊ केली. मुख्य भूमिका. तू आधी माझ्याकडे आलास. म्हणालास, "दादा, तुझी हरकत नसेल तरच." मी म्हटलं, "वेडा आहेस का? हरकत कसली?" आणि तुझी पाठ थोपटली. तू पायाला हात लावलास. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मी पेपरच्या कचेरीत गेलो.

अधू माणसाची भूमिका धडधाकट माणसाला का? हाच मथळा होता. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आजही खरा आहे. सोळा वर्षं आमच्यासारख्यांना चोर आणि भिकारी करायचं, आणि माणसाची भूमिका आली की ती दोन चांगल्या पायांच्या माणसाला द्यायची, हा अन्यायच होता. पण हा अन्याय त्याआधी माझ्या डोळ्यांसमोर नऊ वेळा झाला होता. नऊ वेळा मी तोंड उघडलं नाही. दहाव्या वेळी ती भूमिका तुला मिळाली, तेव्हा मला न्याय आठवला. परक्या कुणाला मिळाली असती तर मी चहा पीत बसलो असतो. पेपरात तुझं नाव मी दिलं नाही, "एक धडधाकट डबल" म्हटलं. सभा झाल्या, पत्रकं निघाली, निर्माता घाबरला, आणि भूमिका माझ्याकडे आली. तू एका शब्दानं विचारलं नाहीस. तुला कळलं होतं ना, ते कुणी केलं?

मग जिन्याचा दिवस. कॅलिपर घालून मी तीन पायऱ्या चढलो आणि कठडा धरून उभा राहिलो. दिग्दर्शकानं माझ्याकडे बघितलंही नाही. खाली मान घालून म्हणाला, "पाठमोऱ्याला बोलवा."

तू का आलास रे? मी असतो तर आलो नसतो. तुझ्या हातून काढून घेतलेल्या भूमिकेचे कपडे घालून, तो जाड तळाचा बूट घालून, धुरातून अकरा वेळा वर गेलास. मी खाली खुर्चीत बसून तुझी पाठ बघत होतो. मनात म्हणत होतो, पड. पडलास तर हा प्रसंगच कापतील. हेही लिहितोय, बघ. वहिनी हे ऐकून आत निघून गेली.

अकराव्या टेकला वरच्या पाच पायऱ्या राहिल्या असताना तू थांबलास. आता मागे वळून बघणार असं वाटलं. पण वळला नाहीस, खांदा झटकलास आणि वर गेलास. लोक तिथंच रडतात. ते तुला मी सांगितलं नव्हतं, दिग्दर्शकानंही सांगितलं नव्हतं. ते तू केलंस. मुलाखतींत लोक मला विचारतात, तिथे थांबावंसं का वाटलं? मी डोळे मिटतो आणि म्हणतो, "ते आतून येतं."

खाली आलास, बूट काढून माझ्या खुर्चीपाशी ठेवलेस, "येतो दादा" म्हणालास. त्यानंतर मी तुला पाहिलेलं नाही.

आता ऐक. ११ तारखेला मी माइकवरून तुझं नाव घेणार आहे. हा जिना माझा सख्खा धाकटा भाऊ चढलाय, आणि तो समोर बसलाय, एवढं सगळ्यांदेखत सांगणार. मग मानपत्र परत मागोत नाहीतर तोंडावर थुंकोत. सोबत तिसऱ्या रांगेचा पास आहे. मागे बसायचं नाही. इस्त्रीचे कपडे घालून ये.

दादा


१४ एप्रिल

धाकट्या,

तू होतास तिथे, तुला सांगायची गरज नाही. पण तू खालून बघत होतास. वरून काय झालं ते मलाच ठाऊक आहे.

पडदा माझ्या मागे होता. मला जिना दिसत नव्हता, म्हणून मी तुला बघत होतो. केस गेलेत तुझे. तळहातावर पट्टी होती, काच लागली असेल. तू हात मांडीवर ठेवून शाळेतल्या मुलासारखा ताठ बसला होतास. आणि मग तुझा चेहरा बदलला, तेव्हा मला कळलं पडद्यावर पाच पायऱ्या राहिल्यात. तू पट्टीचा हात तोंडावर नेलास. शेजारची बाई रडत होती. ती पडद्याकडे बघून रडत होती आणि ज्याच्यासाठी रडत होती तो तिच्या कोपराला लागून बसला होता.

टाळ्या झाल्या. मी माइकशी गेलो. म्हणालो, "मंडळी, आज एक खरं सांगतो. हा जिना मी चढलेलो नाही." इथपर्यंत ठरल्याप्रमाणे झालं, तू ऐकलंस. पुढचं वाक्य पाठ होतं. वहिनीसमोर पाच दिवस म्हणत होतो. मी तुझ्याकडे बघितलं. तू मान हलवलीस, जरा डावीउजवीकडे, जणू म्हणत होतास, राहू दे दादा. आणि मला त्याच क्षणी दिसलं की तुझं नाव उच्चारलं की साडेचारशे माना तुझ्याकडे वळणार. पुन्हा माझ्याकडे यायच्या नाहीत. या पस्तीस वर्षांत लोकांनी माझ्या पायाकडे बघितलं, तोंडाकडे पहिल्यांदा बघत होते. मला ते सोडवेना.

म्हणून म्हटलं, "तो एक डबल होता. पडद्यामागचा एक अनामिक कलावंत. अशा सगळ्या अनामिकांना मी हा सन्मान अर्पण करतो."

अनामिक! एका आईच्या पोटातून आलो आपण.

आणि लोक उठून उभे राहिले रे. मला वाटलं होतं थुंकतील. बसून टाळ्या वाजवत होते ते उभं राहून वाजवायला लागले. अध्यक्षांनी मला मिठी मारली, म्हणाले असा प्रामाणिकपणा आता कुठे बघायला मिळतो! एकोणीस वर्षं तुझ्या जिन्यावर जे मिळवलं, त्याच्यापेक्षा जास्त तो जिना माझा नाही असं सांगून मिळवलं.

नंतर भेटायला रांग लागली. तू सरळ निघून गेला असतास तरी मी समजलो असतो. पण तू रांगेत उभा राहिलास. तुझा नंबर आला, तू हात पुढे केलास आणि म्हणालास, "छान बोललात सर."

सर.

माहितीपटवाली माझ्या बाजूलाच होती. तिनं विचारलं, "हे कोण, सर?" आता माइक नव्हता. साडेचारशे माणसं नव्हती. एक बाई, तू आणि मी. "माझा भाऊ." दोन शब्द होते. मी म्हणालो, "जुन्या युनिटमधले." आणि तू, गाढवा, तू मला सांभाळून घ्यायला म्हणालास, "हो, लायटिंगला होतो." वर खिशातून पास काढून तिला परत दिलास, जणू तो परत द्यायचा असतो. मग मागच्या माणसाला वाट करून दिलीस.

वहिनी खांबापाशी उभी होती. तिनं ते ऐकलं. तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते.

आज सकाळी मी माहितीपटवालीला फोन केला. म्हटलं, ते गृहस्थ माझे धाकटे भाऊ, जिना तेच चढले, पाठमोऱ्या म्हणजे तेच. माहितीपटात तसं घाला. ती म्हणाली, "सर, पण तुम्हीच तर म्हणालात, जुन्या युनिटमधले. ते स्वतःही लायटिंगला होतो म्हणाले." आणि मग अगदी मऊ आवाजात, "सर, तुमचं मन फार मोठं आहे हो. त्या काकांना काही मदत हवी आहे का? आपण संस्थेतर्फे बघू या."

मी "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला. आणखी दोनदा ठासून सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं. घरातला जुना फोटो दाखवला असता, आईच्या मांडीवर तू आणि शेजारी मी, तर मुकाट्यानं मान्य केलं असतं. फोटो कपाटात आहे. मी दोनदा सांगितलं नाही आणि कपाटही उघडलं नाही. "ती ऐकेना" असं वहिनीला सांगायला निमित्त मिळालं म्हणून मला बरं वाटलं. तिला सांगितलंही.

मला माफ कर, असं लिहायला बसलो होतो. तीन कागद फाडले. तू करशील, मला ठाऊक आहे. आठवड्यात कार्ड येईल, दादा मनाला लावून घेऊ नकोस म्हणून. ते मी खिशात घालून फिरेन. चार जणांना दाखवेन. भाऊ असावा तर असा, म्हणून डोळ्यांतून पाणी काढेन, आणि लोक माझीच पाठ थोपटतील. भूमिका घेतली, जिना घेतला, तुझं ते थांबणंही घेतलं. तुझी माफी तेवढी घेत नाही.

उत्तर पाठवू नकोस.

दादा